अवतार, आयडी आणि अर्धा पत्ता

लहानपणी वाळूत लोळून घरी आलो की आई दारातच ओरडायची, "काय रे हा अवतार!" अवतार या शब्दाचा माझ्यापुरता हा पहिला अर्थ. दशावतारवाला अर्थ नंतर कळला, आणि कॉम्प्युटरवाला तर फारच नंतर. आज त्या तिसऱ्या अर्थाबद्दल लिहायचंय. शनिवार आहे, चहा घेऊन बसा.

संस्कृतात अवतार म्हणजे खाली उतरणं. देव वरून खाली येतो, कोणाचं तरी रूप घेतो. १९८५ साली 'अल्टिमा ४' या गेमने हा शब्द उचलला. पुढच्याच वर्षी लुकासफिल्म गेम्समधल्या चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांचं 'हॅबिटाट' हे जग चाचणीसाठी सुरू झालं. कमोडोर ६४ कॉम्प्युटर, फोनची लाइन, आणि पडद्यावर आपल्या वतीने चालणारं-बोलणारं एक कार्टून. त्यालाही अवतारच म्हणायचे. गंमत म्हणजे त्याचं मुंडकं काढून दुसरं लावता यायचं! मग १९९२ मध्ये नील स्टीफन्सनच्या 'स्नो क्रॅश' कादंबरीने हा शब्द सगळीकडे पोचवला.

आपल्याकडे व्हीएसएनएलने इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. माझ्यापर्यंत यायला २००० साल उजाडलं. सायबर कॅफे, तासाचे पैसे आधी, आणि याहूची चॅटरूम. तिथे शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला: एएसएल? म्हणजे वय काय, मुलगा की मुलगी, राहता कुठे. मी टाइप करायचो: '१९, मुलगा, कफ परेड.'

यात खोटं एक अक्षर नाही बरं का! फक्त पत्ता अर्धा. पूर्ण पत्ता 'मच्छीमार नगर, कफ परेड'. घराबाहेर जाळी, वाळत घातलेले बोंबील, पहाटे पाटी घेऊन निघालेली आई. पण नुसतं कफ परेड म्हटलं की समोरच्याला दिसायचा टॉवर, लिफ्टमन आणि विसाव्या मजल्यावरची गॅलरी. त्याला जे दिसतंय ते मी दिसू द्यायचो. माझा पहिला अवतार असा तयार झाला. एकही पिक्सेल न रंगवता, एक शब्द गाळून.

तसं बघितलं तर कफ परेड हाही त्या जागेचा एक अवतारच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने समुद्रात भर घालून हा भाग आखला आणि ट्रस्टच्याच टी. डब्ल्यू. कफ साहेबांचं नाव त्याला दिलं. पुढे आणखी भराव पडले, त्यावर टॉवर उभे राहिले. कोळी मात्र साहेबाच्याही आधीपासून या मुंबईत आहेत. आणि नाव लपवत होता कोण, तर कोळ्याचा पोरगा!

मग पुण्यात नोकरी लागली आणि २००६-०७ च्या सुमारास हापिसातल्या सगळ्यांबरोबर मीही 'सेकंड लाइफ'मध्ये घुसलो. २००३ साली लिंडन लॅबने सुरू केलेलं हे जग. माझा अवतार सहा फुटी, अंगात कोट. पण मला खरं आवडलं ते वेगळंच. नाव मनाचं घ्यायचं आणि आडनाव मात्र त्यांनी दिलेल्या यादीतून निवडायचं (२०१० मध्ये ही पद्धत बंद झाली). आपल्याकडे आडनाव सांगितलं की पुढचं सगळं न विचारता कळतं. इथे आडनाव म्हणजे मेनूकार्ड! सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. तिथे तेही आणता यायचं, लिंडन डॉलरमध्ये :)

देव वरून खाली उतरतो. मी खालून वर चढायला अवतार घेत होतो.

२६ नोव्हेंबर २००८. कटकला भारत-इंग्लंड सामना चालू होता. त्या रात्री दहा जण रबरी होडीतून आमच्या किनाऱ्याला उतरले. पोरबंदरची 'कुबेर' ही मच्छीमार बोट पळवून, तिच्यावरच्या खलाशांना मारून ते आले होते. म्हणजे आधी सोंग घेतलं ते कोळ्याचं. कसाबकडे ओळखपत्र होतं समीर दिनेश चौधरी या नावाचं, हैदराबादच्या कॉलेजचं. त्यांना हुकूम देणाऱ्यांनी इंटरनेट फोनचं खातं काढलं होतं तेही खरक सिंग अशा खोट्या नावाने. आमच्या वस्तीतल्या लोकांनी त्यांना हटकलं, कोण तुम्ही म्हणून विचारलं. उडवाउडवीचं उत्तर देऊन ते पुढे गेले. त्या हल्ल्यात १६६ माणसं गेली.

मी पुण्यात फोन लावत होतो, लागत नव्हता. तेवढ्यात चॅटवर एका जुन्या मित्राची खिडकी उघडली. आठ वर्षांची ओळख, भेट एकदाही नाही. "तू कफ परेडचा ना? टीव्हीवर कुठलं तरी मच्छीमार नगर दाखवतायत. तुमच्या बिल्डिंगपासून लांब आहे ना?"

बोटं थांबली. मग लिहिलं, "बिल्डिंग नाही. तेच माझं घर."

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "घरचे बरे आहेत?" बस्स. आठ वर्षं ज्याची भीती वाटत होती, ते एवढंच होतं.

घरचे सुखरूप होते. पुढे २००९ च्या अखेरीपासून केंद्र सरकारने देशभरातल्या मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं द्यायची योजना आणली. बाबांनाही कार्ड मिळालं. ज्या वस्तीने "कोण तुम्ही?" असं विचारलं होतं, तिलाच आता समुद्रावर जाताना आपण कोण ते दाखवावं लागतं. बाबांचा त्यावरचा फोटो बघून आई म्हणाली, "काय हा अवतार!"

असो. नाव लपवणारा प्रत्येक जण लबाड नसतो, हे मी स्वतःवरूनच सांगतो. कोणी मारायला लपवतो, कोणी नुसताच लाजेने. तुमचा पहिला आयडी आठवून बघा. त्यात काय घातलं होतं ते सोडा, काय गाळलं होतं ते आठवा.