प्लाझ्मा फोकस : न्यूट्रॉन येतात कोठून?

अणुकेंद्रकांचे संमीलन घडवायचे म्हटले की अजस्र यंत्रे डोळ्यांपुढे येतात. परंतु एका टेबलावर मावणाऱ्या ‘प्लाझ्मा फोकस’ या उपकरणातही क्षणमात्र संमीलन घडते आणि त्याची साक्ष देतात ते त्यातून बाहेर पडणारे न्यूट्रॉन. सोव्हिएत रशियात एन. व्ही. फिलिपोव्ह आणि अमेरिकेत लॉस अलामॉस येथे जे. डब्ल्यू. मेदर यांनी १९५० च्या दशकाची अखेर आणि १९६० च्या दशकाचा प्रारंभ या काळात स्वतंत्रपणे हे उपकरण विकसित केले.

मेदर पद्धतीच्या उपकरणात मध्यभागी धातूचे धनाग्र, भोवती पिंजऱ्यासारखे ऋणाग्राचे दांडे आणि तळाशी विद्युतरोधक नळी असते. कक्षात अत्यल्प दाबाचा ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, भरलेला असतो. धारित्रांच्या संचात साठवलेली वीज एकदम सोडली की नळीच्या पृष्ठभागावर वायूचे आयनीभवन होऊन प्लाझ्माचा पडदा तयार होतो. चुंबकीय दाबामुळे तो सेकंदाला सुमारे १०० किलोमीटर वेगाने पुढे सरकतो आणि धनाग्राच्या टोकाशी चहूबाजूंनी आत कोसळतो. येथे तयार होणारा दाट, तप्त प्लाझ्माचा स्तंभ लहान उपकरणात जेमतेम काही दहा नॅनोसेकंद टिकतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जांश.

ड्युटेरियमची दोन केंद्रके एकत्र आली की जवळपास निम्म्या वेळा हेलियम-३ आणि २.४५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रॉन निर्माण होतो. त्यांची मोजणी चांदीच्या साह्याने करतात. मेणासारख्या पदार्थातून मंदावलेले न्यूट्रॉन शोषून चांदी किरणोत्सारी होते. तिचे अर्धायुकाल सुमारे २४ सेकंद आणि अडीच मिनिटे असल्याने मोजणीस पुरेसा अवधी मिळतो.

मात्र न्यूट्रॉन दिसले म्हणजे प्लाझ्मा सूर्याप्रमाणे तापला, असे नव्हे. ब्रिटनमधील हार्वेल येथील ‘झीटा’ यंत्राबाबत जानेवारी १९५८ मध्ये तसा गाजावाजा झाला आणि त्याच वर्षी तो मागे घ्यावा लागला. ते न्यूट्रॉन औष्णिक संमीलनाचे नव्हतेच. प्लाझ्मा फोकसमध्येही अक्षाच्या दिशेने जाणाऱ्या न्यूट्रॉनची संख्या आणि ऊर्जा बाजूच्या दिशेपेक्षा अधिक आढळते. केवळ उष्णतेने संमीलन झाले असते, तर ते सर्व दिशांना सारखेच विखुरले असते. त्यामुळे, स्तंभ अस्थिर होऊन तुटताना निर्माण होणाऱ्या तीव्र विद्युतक्षेत्रात ड्युटेरियमचे आयन वेगवान होतात आणि भोवतीच्या वायूवर आदळतात, हेच बहुतांश न्यूट्रॉनचे उगमस्थान मानले जाते.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. वेगवान आयनांची बहुतेक ऊर्जा संमीलनाऐवजी इलेक्ट्रॉनना तापवण्यातच खर्ची पडते. म्हणून या मार्गाने वीजनिर्मितीची आशा धरणे कठीण ठरते. शिवाय साठवलेली ऊर्जा दहापट केली तर न्यूट्रॉन साधारण शंभरपट वाढतात, हा आशादायक नियम मोठ्या यंत्रांत टिकला नाही. सुमारे ३ हजार ज्यूल ऊर्जेचे उपकरण एका स्फुरणात दहा कोटींच्या आसपास न्यूट्रॉन देते. परंतु वॉर्सा येथील दहा लाख ज्यूल क्षमतेच्या ‘पीएफ-१०००’ सारख्या यंत्रांत ही वाढ अपेक्षेपेक्षा बरीच मागे पडते. धावत्या प्लाझ्माचा गतिक रोध विद्युतप्रवाहाला वाढू देत नाही, हे त्याचे कारण मलेशियात दीर्घकाळ संशोधन केलेल्या सिंग ली यांनी २००९ मध्ये मांडले.

वीजघर म्हणून नव्हे, तरी न्यूट्रॉनचा स्रोत म्हणून या उपकरणाचे मोल मोठे आहे. किरणोत्सारी स्रोत अहोरात्र न्यूट्रॉन सोडत राहतो. येथे वीज बंद केली की न्यूट्रॉनही थांबतात. न्यूट्रॉनमापकांची पारख आणि दडवलेल्या पदार्थांचा शोध, अशा कामांसाठी हा गुण उपयोगी ठरतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही सहज हलवता येतील अशी लहान उपकरणे विकसित झाली आहेत. ड्युटेरियमसोबत ट्रिटियम वापरल्यास न्यूट्रॉन सुमारे शंभरपट मिळतात, पण ट्रिटियम स्वतः किरणोत्सारी असल्याने ती वाट जपूनच चालावी लागते.