कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन!

मागच्या लाँग वीकेंडला मोहर्लीला होतो. ताडोब्यात वाघ दिसला नाही (असो!), पण जिप्सीचा ड्रायव्हर नाटकवेडा निघाला. "मंडईच्या टायमाले या सर, सिंदेवाईकडं रातभर नाटक रायते!" झाडीपट्टीची रंगभूमी, दंडार, महाभारतातली सोंगं... बोलता बोलता कीचकवध आठवला.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, टिळकांच्या 'केसरी'तले. त्यांचं 'कीचकवध' 1907 मध्ये रंगभूमीवर आलं. गोष्ट सगळ्यांना पाठ. सैरंध्रीवर कीचकाची वाईट नजर, युधिष्ठिर म्हणतो थांबा, भीम कीचकाला संपवतो. पण दोनच वर्षांपूर्वी बंगालची फाळणी करून लॉर्ड कर्झन परत गेला होता. त्यामुळे प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसला, सैरंध्रीत भारतमाता, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल.

आणि संहितेत कर्झनचं नाव एकदाही नाही! आपल्या भाषेत सांगायचं तर मेसेज एन्क्रिप्टेड, आणि की पब्लिककडे. सरकार पकडणार काय? 1908 मध्ये 'केसरी'तल्या लेखांसाठी टिळकांना मंडालेला धाडलं, तेव्हा निदान छापील शब्द तरी हातात होते. इथे पुरावा म्हणजे प्रेक्षकांचे चेहरे.

मग 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. तिथे प्रयोग 'शारदा'चा होता, 'कीचकवधा'चा नव्हे. पण सरकार बिथरलं, आणि पुढच्याच महिन्यात 'कीचकवधा'वर बंदी आली. मला यातली गंमत अशी वाटते, की बंदी घालायची म्हणजे आपला व्हाइसरॉय कीचकासारखा दिसतो हे सरकारनेच मान्य करायचं! लंडनच्या 'टाइम्स'च्या व्हॅलेंटाइन चिरोलने तर 1910 च्या 'इंडियन अनरेस्ट'मध्ये कोण म्हणजे कोण हे सविस्तर लिहून टाकलं. जी की इथल्या पब्लिककडे होती, ती साहेबाने जगजाहीर केली.

नाटकं बंद करायचं हत्यार होतं 1876 चा नाट्यप्रयोग कायदा. त्यात शेवटी एक पळवाट होती: धार्मिक उत्सवांतल्या जत्रा आणि तसले खेळ यांना हा कायदा लागू नाही. म्हणजे तिकीट लावून थिएटरात मारलेला कीचक राजद्रोही, आणि देवाच्या जत्रेत मारलेला निरुपद्रवी?

स्वातंत्र्यानंतर हा कायदा लगेच गेला असेल असं वाटतं ना? 1956 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला, तरी पुस्तकातून तो निघाला 2018 मध्ये.