प्रवाशाचे पान : केळशीच्या थाळीमागचा इतिहास

१/ दापोली तालुक्यातील केळशी. भारजा नदी येथे सागराला मिळते. महालक्ष्मीचे दर्शन आणि याकूबबाबांचा दर्गा आटोपून आलेला पर्यटक दुपारी शाकाहारी भोजनगृहात बसतो. उकडीचे मोदक, वालाचे बिरडे, सोलकढी. पैसे देतो आणि निघतो. त्याला जात कोणी विचारत नाही. हे न विचारणे फार जुने नाही. #धागा

२/ रेल्वेपूर्व काळात प्रवासी आपले अन्न आपणच वाही किंवा स्वतः शिजवी. वाटेत धर्मशाळा असत, अन्नछत्रे असत. परंतु कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या पंक्तीस बसावे, हे जन्माने ठरलेले असे. सोवळे पाळणाऱ्या माणसाला परगावचा मुक्काम म्हणजे प्रथम चुलीची चिंता.

३/ १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघालेले वरसईचे विष्णुभट गोडसे याच जगातले. त्यांचे 'माझा प्रवास' बंडाच्या वर्णनासाठी वाचले जाते. मात्र विकत मिळणाऱ्या जेवणावर विसंबता येत नसे, त्या काळातील प्रवास कसा चाले, हेही त्यातून उमगते.

४/ १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई–ठाणे आगगाडी धावली. डब्यात माणसे शेजारी बसली, पण पाणी वेगळेच राहिले. स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशी विभागणी कित्येक दशके टिकली. वेग बदलला तरी विटाळाची कल्पना हटली नाही.

५/ शहरातील सुशिक्षितही या धाकातून सुटले नव्हते. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे, गोखले आदी मंडळींपुढे चहा आला. पुढे नावे वर्तमानपत्रात छापली गेली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तांचा वाद पेटला. कारण एवढेच : पेला कोणाचा?

६/ ज्यांना प्रायश्चित्ताची सोयही नव्हती, त्यांचे काय? मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे आंबेडकर घराण्याचे मूळ गाव. केळशीपासून फार लांब नाही. १९०१ साली बालवयातील भीमराव भाऊ आणि भाच्यांसह साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्थानकावर उतरून पुढचा प्रवास बैलगाडीने.

७/ मुलांजवळ अन्नाचा डबा होता, भूक होती. पाणी मात्र कोणी दिले नाही. पाण्यावाचून घास उतरेना, म्हणून भरला डबा उशाशी ठेवून ती उपाशी झोपली. प्रवासातील जेवणाच्या इतिहासात या डब्याची नोंद राजवाड्यातील पंक्तींच्या आधी व्हायला हवी.

८/ याच काळात चाकरमानी हर्णैसारख्या बंदरांतून आगबोटीने मुंबई गाठत होते. त्यांच्यासाठी गिरगाव–दादरमध्ये खाणावळी उभ्या राहिल्या. दादरचे मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० चे. परक्या शहरात घरची चव मिळाली. परंतु अनेक पाट्यांवर 'ब्राह्मणांची खाणावळ' अशी अक्षरे असत. पाटी पदार्थ सांगे आणि दारही ठरवी.

९/ या दारावर रत्नागिरीतच आघात झाला. तेथे स्थानबद्ध असलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी सहभोजनांपाठोपाठ १ मे १९३३ रोजी 'अखिल हिंदू उपाहारगृह' सुरू केले. वाढण्याचे काम अस्पृश्य मानलेल्या माणसाकडे दिले. सवर्णांच्या दृष्टीने हा बंडखोर पेला होता. तरी सीमा नावातच होती : दार 'हिंदूं'साठी उघडले. महालक्ष्मी आणि याकूबबाबा शेजारी नांदणाऱ्या केळशीसारख्या गावाला ते अपुरेच ठरते.

१०/ पूर्ण दार उघडले ते २६ जानेवारी १९५० रोजी. संविधानाचा अनुच्छेद १५(२) सांगतो की धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांमुळे कोणालाही दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. मसुदा समितीचे अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. मसूरच्या वाटेवर तहानलेला मुलगा आता देशातील प्रत्येक उपाहारगृहाचा नियम लिहिणाऱ्यांत अग्रस्थानी होता.

११/ कायद्याने मन लगेच बदलत नाही. १९५५ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध शिक्षेचा स्वतंत्र कायदा करावा लागला, तो यासाठीच. पाट्यांवरील जातिवाचक शब्द मागे सरले आणि त्यांच्या जागी 'शुद्ध शाकाहारी' आले. पूर्वीची पाटी खाणाऱ्याची ओळख विचारी, नवी पाटी ताटाची ओळख देते. मात्र 'शुद्ध' या शब्दात जुन्या सोवळ्याचा काही अंश उरला आहे का, हा प्रश्न अद्याप मिटलेला नाही.

१२/ म्हणून केळशीच्या भोजनगृहातील पान साधे वाटले तरी साधे नाही. मोदकाची उकड, वालाची मोड, कोकमाचा आंबटपणा शतकांचा आहे. अनोळखी माणसाने अनोळखी माणसाशेजारी बसून ते खाण्याचा हक्क मात्र अवघ्या काही पिढ्यांचा आहे. त्या ताटाशेजारच्या तांब्यात मसूरच्या वाटेवर न मिळालेले पाणी आहे.

।। समाप्त ।।