कापसावरील आयातशुल्क

परदेशातून येणाऱ्या कापसावर व सुती कापडावर सरकार बंदरात वसूल करते तो कर. देशी उत्पादकाला संरक्षण देणे हा त्याचा जाहीर हेतू असला, तरी तो केव्हा लादला जातो आणि केव्हा उठतो, हे बहुधा सत्तेपर्यंत कोणाचा शब्द पोहोचतो यावर ठरत आले आहे. वर्धा जिल्ह्यासारख्या कापूसपट्ट्याने याची झळ दोन वेगवेगळ्या राजवटींत सोसली आहे.

दुष्काळ व अफगाण युद्ध यांमुळे तिजोरीवर ताण असतानाही व्हाइसरॉय लिटन यांनी १८७९ मध्ये आपल्या कार्यकारी मंडळाचे बहुमत डावलून जाड्याभरड्या सुती मालावरील शुल्क उठवले, आणि १८८२ मध्ये सुती मालावरील उरलेले शुल्कही गेले. यासाठी खुल्या व्यापाराचे तत्त्व पुढे करण्यात आले. खरा जोर मात्र मँचेस्टरच्या गिरणीमालकांचा व पार्लमेंटमधील लँकेशायरच्या मतांचा होता. पुढे रुपयाची घसरण होऊन महसूल अपुरा पडू लागला, तेव्हा १८९४ मध्ये शुल्क परत आले, आणि १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के कर ठेवताना तेवढेच उत्पादनशुल्क, म्हणजे कारखान्यातच वसूल होणारा कर, भारतीय गिरण्यांच्या कापडावर बसवण्यात आले. नागपूरच्या एम्प्रेस मिलप्रमाणेच वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटच्या गिरण्याही या कचाट्यात सापडल्या. त्यांचे जाडेभरडे कापड लँकेशायरच्या तलम मालाशी फारशी स्पर्धा करतच नव्हते, म्हणून समान वागणुकीचा हा दावा उघड अन्यायाचा होता. हे उत्पादनशुल्क १९२५ च्या डिसेंबरात स्थगित होऊन १९२६ मध्ये रद्द झाले.

स्वतंत्र भारतात २०२१ च्या अर्थसंकल्पाने शेतकऱ्यांच्या हितासाठी म्हणून कच्च्या कापसावर शुल्क लावले. पाच टक्के मूळ सीमाशुल्क, पाच टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर आणि या दोहोंवरील समाजकल्याण अधिभार मिळून ते अकरा टक्के होते. उपकर व अधिभार राज्यांबरोबर वाटून घ्यावे लागत नसल्याने निम्म्याहून अधिक रक्कम केंद्राकडेच राहते, हा आर्थिक हेतू भाषणांत क्वचितच येतो. सूतगिरण्यांच्या मागणीवरून २०२२ मध्ये ते काही महिने उठवले गेले. अमेरिकेने भारतीय मालावरील वाढीव शुल्क ५० टक्क्यांवर नेण्याच्या सुमारास, १९ ऑगस्ट २०२५ पासून ते पुन्हा माफ झाले आणि माफीची मुदत ३० सप्टेंबरवरून ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. वस्त्रोद्योगाला स्वस्त कच्चा माल मिळावा हे त्याचे अधिकृत कारण होते. अमेरिकाही भारताला कापूस विकत असल्याने वॉशिंग्टनला दिलेला तो संकेत होता, असाही अर्थ लावला गेला.

वर्धा जिल्ह्याच्याच सेलू तालुक्यातील बोर धरणालगतच्या हिंगणीसारख्या गावात दसऱ्यानंतर वेचणीला वेग येतो आणि देणी फेडायची असल्याने कापूस फार दिवस घरात ठेवता येत नाही. नेमका हाच काळ माफीच्या मुदतीत आला. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये असला, तरी तो पदरात पडण्यासाठी भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर नोंदणी करून ओलाव्याच्या अटीत बसावे लागते. त्यात न बसणारा माल खासगी जिनिंगवाल्याच्या भावाने जातो, आणि त्या भावावर आयात गाठींची किंमत थेट परिणाम करते.