शौचकूप, शिडाच्या नौकेवरील

शौचकूप, शिडाच्या नौकेवरील : हातपंपाने समुद्राचे पाणी आत ओढून मैला साठवण टाकीत किंवा नौकेबाहेर ढकलणारे, विजेविना चालणारे साधन. पंपातील एकच दट्ट्या एका बाजूने पाणी ओढतो व दुसऱ्या बाजूने मैला रेटतो.

देखभाल व दुरुस्ती : दांडा जड चालत असल्यास दट्ट्याच्या रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीस लावतात. मैल्याचे पाणी भांड्यात परतू लागल्यास निर्गम नळीच्या तोंडाची चिरेदार रबरी झडप बदलतात. ती झिजते किंवा क्षार बसून उघडी राहते. मूत्र व खारे पाणी यांच्या संयोगाने नळ्यांत कॅल्शियमयुक्त थर साचतो. पातळ थर व्हिनेगर रात्रभर ठेवल्यास सुटतो. व्हिनेगरसारखे आम्ल व ब्लीच कधीही एकत्र वापरू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

सुरक्षितता : पंप उघडण्यापूर्वी नौकेच्या तळाकडील, पाणी आत घेणारी व मैला बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा बंद करणे अनिवार्य आहे. भांडे जलरेषेखाली असल्यास वक्रनलिका क्रियेने पाणी आत शिरून नौका बुडू शकते. म्हणून नळीला जलरेषेच्या वर हवाझडपेसह कमान देतात. अमेरिकेत किनाऱ्यापासून 3 सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडण्यास बंदी आहे.