कारागृह, कर्ज आणि मतदाराची संमती

तुरुंग बांधायला कर्ज काढायचे, तर ते फेडणाऱ्या नागरिकाला आधी विचारायला नको का? कारागृहांच्या अर्थकारणाचा अभ्यास या प्रश्नापासून सुरू करावा असे मला वाटते. कॅलिफोर्नियात तो थेट मतपत्रिकेवर येतो. १९८२ साली तिथल्या मतदारांनी तुरुंगांसाठी रोखे काढायला मंजुरी दिली, तर नोव्हेंबर १९९० मध्ये तसाच एक प्रस्ताव फेटाळला.

बीडच्या मतदारापुढे असा कागद येत नाही. सातव्या अनुसूचीनुसार तुरुंग हा राज्याचा विषय. अनुच्छेद २९३ खाली कर्ज राज्य काढते, आणि केंद्राचे जुने कर्ज फेडायचे बाकी असेल तर केंद्राची संमतीही घ्यावी लागते. गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळीचे आमदार अर्थसंकल्पावर मत देतात, तेवढीच आपली संमती. थेट कौल आपल्याला परका आहे असे मात्र नाही. दारूचे दुकान बंद करायला महाराष्ट्रातल्या बायकांनी ‘आडव्या बाटली’ला मते दिली आहेत.

समजा, तुरुंगासाठीही असा कौल घेतला. आत असलेल्यांचे काय? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मत देता येत नाही, मग त्याचा गुन्हा सिद्ध झालेला असो वा नसो. आणि २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांच्यासाठी बराक बांधायची, त्यातल्या बहुतेकांना न्यायालयाने अजून दोषी ठरवलेलेच नाही. मला हीच गोष्ट सर्वात जास्त अस्वस्थ करते.

बीडमध्ये ती अधिक टोचते. वर्षातले कित्येक महिने कोल्हापूर-सांगलीच्या फडावर असणाऱ्या ऊसतोड कुटुंबाने ऐपतदार जामीनदार आणायचा कुठून? गरीब कैद्यांच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत मदत देणारी केंद्राची योजना २०२३ साली आली. नवी बराक मागण्याआधी हा पैसा किती जणांपर्यंत पोचला, हे सरकारला विचारायलाच हवे. गर्दी भिंतींअभावी झाली की जामीनदाराअभावी, हे कळल्याशिवाय कर्जाला दिलेली संमती आंधळी ठरेल.

या अभ्यासात वकील, अर्थशास्त्राचे विद्यार्थी, पत्रकार, सरपंच या सगळ्यांचे मनापासून स्वागत आहे. गृह विभागाच्या अनुदानाच्या मागण्या आणि कच्च्या कैद्यांच्या प्रकरणांचा आढावा घेणाऱ्या समितीचे कामकाज शेजारी शेजारी ठेवून वाचायला घ्यावे.