गोवा पावडर

कांहीं व्याधी प्राण घेत नाहींत, पण झोंप घेतात. सोरायसिस हा त्वचारोग त्यांपैकींच एक होय. अंगावर लाल, खवलेदार चट्टे उठतात, कंडूनें जीव कासावीस होतो. जरा बरें वाटतें न वाटतें तोंच ते पुन्हां उमटतात. त्यावरील उपचारांच्या इतिहासांत गोव्याचें नांव विलक्षण रीतीनें गोंवलें गेलें आहे.

ब्राझीलमधील बाहिया प्रांतांत अरारोबा नांवाचा वृक्ष होतो. त्याच्या खोडाच्या भेगांत पिवळी भुकटी सांठते. पोर्तुगीजांच्या व्यापारांतून ती गोव्यास आली आणि 'गोवा पावडर' या नांवानें गजकर्णावरील औषध म्हणून प्रसिद्ध झाली. गजकर्ण समजून ती लावलेल्या एका रुग्णाचा सोरायसिस ओसरला. हें पाहून लंडनचे डॉक्टर बाल्मानो स्क्वायर यांनीं १८७६ सालीं तिच्यांतील द्रव्याचें मलम या रोगावर सुचविलें.

औषध गुणकारी, परंतु उग्र. भोंवतालची निरोगी कातडी पोळे, डोळ्यांस गेल्यास इजा होई, कपड्यांवर पडलेले डाग धुऊनही जात नसत. पहिल्या महायुद्धांत पुरवठा तुटला, तेव्हां १९१६ सालीं जर्मनींत त्याच जातीचें डिथ्रॅनॉल हें कृत्रिम औषध प्रचारांत आलें.

आजच्या औषधांनींही रोग आटोक्यांत राहतो, समूळ जात नाहीं. मात्र गजकर्ण स्पर्शानें पसरतो, सोरायसिस पसरत नाहीं. दोहोंची गल्लत एकदां औषध देऊन गेली. घरांत तीच गल्लत झाली, तर रुग्णाचें ताट आणि अंथरूण विनाकारण निराळें होतें.